अण्णांच्या दुखण्याविषयी

रामबाग, इंदूर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या भावाचा, अण्णांचा, प्रोस्टेटचा (मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे हे वाचून फार वाईट वाटले. कंबर दुखत होती, रात्री लघवीला सारखे उठावे लागत होते, आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून तेल चोळत राहिले. आपल्याकडे बरेचदा असेच होते. आशियातील पुरुषांत हा रोग युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी आढळतो हे खरे. पण आपल्याकडे तपासणीही कमी होते आणि रोग कळतो तेव्हा बहुधा तो पुढे गेलेला असतो. शिवाय जपानमधून अमेरिकेत स्थायिक झालेल्या पुरुषांत त्याचे प्रमाण मायदेशापेक्षा वाढलेले दिसले, तेव्हा केवळ आशियाई रक्ताच्या भरवशावर निश्चिंत राहता येत नाही.

अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया गरिबांच्या गळ्यात मारतात, हा तुझा समज मात्र मनातून काढून टाक. हा कर्करोग मुख्यतः अंडकोषांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. इंजेक्शनेही टेस्टोस्टेरॉनच खाली आणतात. परंतु ती ठरावीक महिन्यांनी घेत राहावी लागतात आणि खर्च संपत नाही. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचे इंजेक्शन मुलीच्या लग्नाच्या गडबडीत राहून गेले आणि पुढच्या तपासणीत पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) चढलेला निघाला. दोन्ही उपायांत अंगातून गरम वाफा येतात, हाडे ठिसूळ होतात. जोडीला अबिरॅटेरॉनची गोळी द्यावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचार. अशा रुग्णांचे आयुष्य तिने वाढते. निर्णय मात्र अण्णांनाच घेऊ दे, मुलांनी तो परस्पर उरकू नये. आणि त्यांच्या पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटली किंवा लघवी अडली, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.

आता तुझ्याविषयी. सख्ख्या भावाला हा रोग असला की आपला धोका साधारण दुपटीने वाढतो, म्हणून पीएसएची रक्ततपासणी करूनच घे. आकडा चारच्या वर गेला तरी तो कर्करोगच असे नाही. जंतुसंसर्गाने किंवा वयानुसार वाढलेल्या ग्रंथीनेही तो चढतो, तेव्हा तो पुन्हा तपासतात आणि गरज वाटल्यास बायोप्सीआधी एमआरआय करतात. तू लघवीसाठी फिनास्टेराइड घेत असलास तर तेही डॉक्टरांना सांग, कारण त्या गोळीने आकडा निम्म्यावर येतो आणि खरा धोका झाकला जातो.

अहवाल आला की मला कळव.

तुझा,
वसंत