ड्रायव्हरदादा, तुम्ही ‘नाही’ म्हणालात त्याबद्दल आभार

प्रिय ड्रायव्हरदादा,

स. न. वि. वि.

तुमचे आभार मानायचे आहेत ते मुख्यतः तुम्ही जे करू दिलं नाहीत त्यासाठी.

फ्लोरेन्सहून एका दिवसात सान जिमिन्यानो, सिएना, मोंताल्चिनो, पिएन्झा आणि मोंतेपुल्चानो अशी इटलीच्या टस्कनी प्रांतातली पाच गावं, शिवाय दोन वायनरी, ही यादी तुमच्या हाती पडली. तुम्ही खिशातून पेन काढून पहिली दोन गावं आणि एक वायनरी खोडलीत. वर म्हणालात, ‘मी सगळीकडे नेईन, पण मग दिवसभर तुम्हाला फक्त माझी मान दिसेल.’ हे पत्र मराठीत लिहितोय, कारण यापुढे तुमच्या मागच्या सीटवर बसणारी मराठी मंडळी ते आधी वाचतील आणि तुमची खोडाखोड तरी वाचेल.

तुमचा हिशोब असा होता. फ्लोरेन्स ते मोंताल्चिनो साधारण ११५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दोन तास. मोंतेपुल्चानोहून परत यायला हायवेने पावणेदोन तास. तिन्ही गावांमधला प्रवास मिळून तासभर. वायनरीला दीड तास, जेवणाला सव्वा तास. दहा तासांच्या दिवसातून हे सगळं वजा केलं की हातात अडीच तास उरतात, आणि तेही तीन गावांत वाटायचे. सान जिमिन्यानो सिएनाच्या वायव्येला, मोंताल्चिनो दक्षिणेला. एकातून दुसऱ्यात जायलाच दीड तास. सिएना तर अर्ध्या दिवसाखाली बघूच नये. नकाशावर ही गावं एकमेकांना खेटून दिसतात, पण प्रत्येक गाव डोंगरमाथ्यावर आहे. दर वेळी खाली उतरायचं, दरी ओलांडायची आणि पुन्हा चढायचं. आपल्या घाटांची सवय असलेल्या माणसाला खरं तर हे सांगायला नको, पण युरोप म्हटलं की आपण सगळे रस्ते सरळसोट धरून चालतो.

सान जिमिन्यानो खोडल्याची हळहळ काहींना वाटेल. एकेकाळी तिथे सत्तरच्या वर मनोरे होते, आज चौदा उरलेत, आणि गाव १९९० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते जरूर बघावं. पण दुसऱ्या दिवशी, सिएनाच्या जोडीने.

जाताना कियांतीच्या टेकड्यांतून जाणारा २२२ नंबरचा रस्ता घ्यायलाही तुम्ही नाही म्हणालात. तो देखणा आहे यात वाद नाही. पण वळणं इतकी, की सकाळी कॉफी-क्रोसाँ खाऊन मागे बसलेल्याला तासाभरात पोटात ढवळायला लागतं, आणि मग वाइन चाखायची कशाला? तुम्ही फ्लोरेन्स-सिएना जोडरस्ता धरलात. त्यावर टोल नाही; तो अरुंद आणि जागोजागी ठिगळं लावलेला आहे, पण लवकर पोचवतो. सिएनापुढे जुना कास्सिया रस्ता. ज्यांना गाडी लागते त्यांना तुम्ही न सांगता पुढच्या सीटवर बसवलंत आणि गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यायला लावलीत. वळणं सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फुकट जाते.

भाड्याची गाडी घेऊन स्वतःच चालवत जाऊ, असं म्हणणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भारतीय लायसनसोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते भारतातून निघण्याआधीच आरटीओतून काढावं. दुसरी गोष्ट झेडटीएलची, म्हणजे गावाच्या जुन्या भागातल्या वाहनबंदीची. पांढऱ्या पाटीवर लाल कडं, खाली वेळा, आणि वर कॅमेरा. अडवायला पोलिस नसतो, म्हणून आत शिरल्याचं कळतही नाही. त्याच कॅमेऱ्याखालून दोनदा गेलं तर दोन दंड. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत असते, आणि गाडी भाड्याने देणारी कंपनी त्याचा पत्ता पोलिसांना कळवण्याचे पैसे वेगळे कापते. तुमच्या गाडीचा नंबर तुम्ही अशा गावांत आधीच नोंदवून ठेवता, त्यामुळे दारापर्यंत जाता येतं. तुमच्यासारख्या, ड्रायव्हरसकट भाड्याने मिळणाऱ्या परवान्याच्या गाड्यांसाठी १९९२ चा २१ क्रमांकाचा कायदा आहे. त्याप्रमाणे तुम्हाला रस्त्यावर उभं राहून टॅक्सीसारखं गिऱ्हाईक घेता येत नाही. आगाऊ बुकिंगच लागतं. म्हणूनच स्टेशनबाहेर ‘स्वस्तात नेतो’ म्हणत जवळ येणाऱ्या माणसाच्या गाडीत बसू नका, हा तुमचा सल्ला इथे मुद्दाम लिहून ठेवतो. भाडं गाडीमागे असतं, माणसामागे नाही. ते कुठून कुठपर्यंत मोजणार, टोल-पार्किंग त्यात धरलंय का आणि ठरल्यापेक्षा उशीर झाला तर तासाला किती, एवढं आधी लेखी घ्यावं.

पिएन्झाच्या चर्चमध्ये तुम्ही आमच्याबरोबर आत आला नाहीत, त्याचंही कारण कळलं. गाडीत बोलणं वेगळं. वास्तूत उभं राहून माहिती सांगायला वेगळा परवाना असलेला गाइडच लागतो. पण दारापाशी तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढं पुरलं. पोप दुसरे पायस इथलेच. १४५९ मध्ये त्यांनी आपलं जन्मगाव बेर्नार्दो रोस्सेलिनोकडून नव्याने बांधून घ्यायला घेतलं, आणि तीन वर्षांत चौक, चर्च, राजवाडा उभा राहिला. आत गेल्यावर चर्चच्या मागच्या बाजूच्या भेगा बघा, म्हणालात. चर्च डोंगराच्या कडेवर आणि ठिसूळ जमिनीवर असल्याने तो भाग पूर्वीपासून खचतोय. त्या भेगा दिसल्या.

आता वायनरी. तुम्ही सकाळी साडेदहाची वेळ घेतली होतीत. इथल्या बहुतेक तळघरांत न सांगता जाता येत नाही, रविवारी कित्येक बंद असतात, आणि जीभ सकाळी ताजी असते.

द्राक्ष काय असतं हे नाशिक-सांगलीकडच्या माणसाला कुणी शिकवू नये. म्हणून तुम्ही आधी बागेत नेलंत हे फार बरं केलंत. आपल्याकडे वेलीला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी. कारण आपल्या हवेत वेल झोपत नाही, तिला कात्रीनेच वेळापत्रक द्यावं लागतं. इथे पानगळ होऊन वेल थंडीत खरोखर झोपते. मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच, एप्रिलच्या सुमारास फूट आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तोडणी. उत्पादनावर नियमाची मर्यादा आहे: मोंताल्चिनोच्या ब्रुनेलो या वाइनला हेक्टरी ८ टन, कियांती क्लासिको या वाइनला साडेसात. म्हणजे एकरी तीन-सव्वातीन टन. खायच्या द्राक्षांच्या बागायतदाराला हा आकडा सांगितला तर तो आधी सांत्वन करेल. पण इथली सांजोवेझे ही जात जोमदार आणि उशिरा पिकणारी. घड जास्त ठेवले की रस फिका आणि आंबट उतरतो. कमी ठेवले तरच साखर, रंग आणि सालीतला तुरटपणा एका वेळी तयार होतो. ही जात आपल्याला अगदीच परकी नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रटेली वाइन्सने ती लावली आहे, आणि त्यांच्या वाइन घडवणारे पिएरो मासी टस्कनीचेच.

ब्रुनेलो म्हणजे शंभर टक्के सांजोवेझे. किमान दोन वर्षं लाकडात, मग बाटलीत, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षी १ जानेवारीला विक्रीला मोकळी. २०२० ची द्राक्षं २०२५ मध्ये दुकानात आली, ती अशी. चार वर्षांहून जास्त पैसा अडकून पडतो, म्हणून त्याच बागेतली रोस्सो दी मोंताल्चिनो पुढच्याच सप्टेंबरपासून विकतात. तुम्ही ती आधी चाखायला लावलीत. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला की रोस्सो माणकासारखी लाल दिसते. ब्रुनेलोची कड विटकरीकडे झुकते. घोट हिरड्यांपर्यंत फिरवायचा. हिरड्या कोरड्या पडल्या तर तो तुरटपणा, दोष नव्हे. मध्ये बिनमिठाचा ब्रेड खायचा. हलकीकडून भारीकडे जायचं, परत मागे यायचं नाही. आणि त्या दिवशी अत्तर लावायचं नाही, कारण शेजारच्याच्याही नाकाची वाट लागते.

एका वेळी ग्लासात साधारण ५० मिली ओततात. पाच वाइन झाल्या की पाव लिटर, म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा, आणि अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास. दुसरी वायनरी घेतली असती तर जेवणाआधी माणशी बाटलीच्या दोन तृतीयांशापर्यंत गेलो असतो, आणि तुरटपणाने बधिर झालेल्या जिभेला तिथे काही कळलंच नसतं. सगळं गिळायलाच हवं असंही नाही. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मालकाने पुढे केलेला ग्लास तुम्ही तळव्याने हळूच मागे सारलात. इटलीत एरवी रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल चालतं. धंद्याने गाडी चालवणाऱ्याला मात्र शून्य.

बाटल्या डिकीत टाकू दिल्या नाहीत, त्याचेही आभार. बंद गाडी उन्हात उभी राहिली की वाइन तापून फुगते, बूच वर ढकलते आणि फटीतून हवा शिरते. महिन्याभराने घरी उघडल्यावर ती उकडलेल्या फळासारखी लागते आणि दोष वायनरीला जातो. तुमची थंड पिशवी सीटखाली होती. विकत घेताना बाटलीच्या मानेवरची नंबर असलेली सरकारी पट्टी बघावी. कियांती आणि कियांती क्लासिको या दोन वेगळ्या वाइन. काळा कोंबडा फक्त क्लासिकोवर. मोंतेपुल्चानो गावाची वाइन म्हणजे ‘विनो नोबिले’. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’ ही दुसऱ्याच प्रांतातली, त्या नावाच्या द्राक्षाची. इथे भले भले फसतात. भारतात येताना माणशी दोन लिटर दारू ड्युटीविना आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर झाले. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. एका दुकानातलं बिल ७० युरोंच्या वर असेल तर करपरतीचा कागद तिथेच मागावा, पासपोर्ट जवळ ठेवावा.

जेवणाचं एवढंच सांगतो, की स्वयंपाकघर अडीचच्या सुमारास बंद होतं आणि मग कुणाचं काही चालत नाही. तुम्ही एकची वेळ ठरवून शाकाहारी किती, हे आदल्या दिवशीच फोनवर कळवलं होतंत. पिची हा जाड, हाताने वळलेला पास्ता बहुधा फक्त पीठ आणि पाण्याचा असतो. लसूण-टोमॅटोच्या सॉसबरोबर तो मागवला की निभावतं. रिबोलिता म्हणजे घेवडा, काळी कोबी आणि शिळा ब्रेड, पण ते कधीकधी मांसाच्या पाण्यात शिजवतात, विचारावं. पिएन्झाचं पेकोरिनो हे चीज मेंढीच्या दुधाचं. ते विरजायला बरेचदा कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. कडक शाकाहारी असाल तर वनस्पतीजन्य रेनेटचं आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्यावं. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही रक्कम येते. ती बसण्याची आणि ब्रेडची, फसवणूक नव्हे.

मोंतेपुल्चानो शेवटी ठेवलंत, कारण तिथून हायवे जवळ. शिवाय तुम्ही गाडीने वर सोडलंत आणि खाली वेशीपाशी येऊन थांबलात. पियात्सा ग्रांदेपासून पोर्ता अल प्रातोपर्यंतचा तो मुख्य रस्ता उतरायला मजेचा. जेवून चढायला लावला असता तर निम्मी मंडळी पहिल्याच बाकावर बसली असती.

आणि रंगाबद्दल. फोटोतला वाल दोर्चा, म्हणजे या गावांभोवतीचा टेकड्यांचा प्रदेश, हिरवागार असतो तो एप्रिल-मेमध्ये. जूनअखेर गहू सोनेरी, आणि ऑगस्टनंतर नांगरलेली उघडी ढेकळं. तुम्ही हे बुकिंगच्या वेळीच सांगितलंत; धंद्याच्या दृष्टीने तोट्याचं असूनही. सान क्विरिकोजवळच्या सुरूच्या झाडांपाशी भर रस्त्यात गाडी थांबवली नाहीत, पुढे जागा बघून थांबवलीत. वितालेताच्या छोट्या चर्चकडे शेवटचा टप्पा पायी, पांढऱ्या मातीच्या रस्त्याने. तिथे पांढरे बूट घालून येऊ नये.

पुन्हा एकदा मनापासून आभार.

तुमची,
मागच्या सीटवरची मराठी मंडळी

ता. क. तुमच्या व्हॅनमध्ये ड्रायव्हर सोडून आठ माणसं बसतात, पण आठ मोठ्या बॅगा बसत नाहीत. फ्लोरेन्स सोडून रोमला जाता जाता ही गावं बघायची असतील तर पहिल्याच निरोपात माणसांबरोबर बॅगांचा आकडा आणि आकारही कळवावा, म्हणजे दुसरी गाडी लागेल का ते तुम्हाला आधीच सांगता येईल.