पोरांना मुंबई बसच्या काचेतून दाखवू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात खासगी ट्रॅव्हल्सच्या बसवर ड्रायव्हर आहे. या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो. गेल्या आठवड्यात यंदाच्या पहिल्या सहलीचा कागद मालकांनी हातात दिला. वर लिहिलं होतं, 'मुंबई दर्शन, एक दिवस, दोन रात्री प्रवास'. खाली चौदा ठिकाणं. गेट वे, म्हातारीचा बूट, हाजी अली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, सी लिंक, नटांचे बंगले, जुहू, आणि आणखी काय काय. तो कागद वाचून हे पत्र लिहायला बसलो.

अशी सहल कशी होते ते मी स्टेअरिंगवरून बघत आलोय. रात्री नऊला शाळेच्या मैदानातून गाडी निघते. कराड, सातारा, पुणे करत पहाटे पनवेलच्या पुढे एखाद्या पंपावर पोरं दात घासतात. घरनं आणलेल्या दशम्या आणि चटणी तिथंच खाऊन होते. तिथनं पुढं दिवसभर पळापळ. दक्षिण मुंबईत मोठी बस उभी करायला जागा मिळत नाही. पोरांना उतरवायचं, गाडी लांब नेऊन लावायची आणि सरांचा फोन आला की परत यायचं. एका ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली दहा पोरं मोजण्यात जातात. दुपारनंतर निम्मी पोरं झोपलेली असतात. रात्री परत गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला, आणि चालवणारा तोच, ज्याने आदल्या रात्री डोळा मिटलेला नाही.

चार वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका शाळेची सहल घेऊन गेलो होतो. नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे मरीन ड्राइव्हवरून निघालं की समुद्र डाव्या हाताला येतो. उशीर झाला होता, सर म्हणाले, गाडीतनंच दाखवू. डाव्या खिडकीच्या पोरांनी समुद्र बघितला. उजव्या खिडकीच्या पोरांना इमारती दिसल्या. माझ्या मागं तिसऱ्या ओळीत उजवीकडे सातवीतली एक पोरगी बसली होती. वाळकेश्वरचा चढ लागल्यावर ती पुढं आली आणि म्हणाली, "मामा, समुद्र कुठं लागणार?" मी म्हणालो, "बाळ, तो मागं गेला." ती काही बोलली नाही, जागेवर जाऊन बसली. तिच्या आईबापानं सहलीचे पैसे कसे जमवले असतील ते मला कळतं. माझ्या घरात पण दोन पोरी शिकल्या.

संपादक साहेब, आपल्या गावाचंच बघा. पाहुणे येतात, अंबाबाईचं दर्शन, जोतिबा, पन्हाळ्यावर एक चक्कर, रंकाळ्यावर फोटो, मिसळ खाऊन संध्याकाळी पसार. कोल्हापूर बघितलं म्हणतात, आणि आपल्याला वाईट वाटतं. आपण आपल्या पोरांना घेऊन मुंबईला तेच करतो.

मला मुंबई कळली ती गाडी लावून चालल्यामुळं. मंत्रालयात कामाला जाणारी गावची मंडळी, लग्नाची वऱ्हाडं घेऊन जायचो तेव्हा दोन-दोन दिवस थांबावं लागायचं. क्लीनरला गाडीपाशी बसवायचं आणि मी पायी हिंडायचो. पाट्या वाचायच्या, कुणी म्हातारं माणूस भेटलं तर विचारायचं. त्यातनं एक वाट माझ्या पायाला बसली आहे, तीच मी शाळांना सुचवतो.

शुक्रवारी सकाळी उजेडात निघा. दुपारी वाशीला पोचून मुक्काम करा. शनिवारी पहाटे सहाच्या आत, गर्दी व्हायच्या आधी, वाशीहून हार्बरच्या लोकलने पोरांना घेऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. वाशीच्या खाडीपुलावर लोकल आली की पोरं खिडकीला चिकटतात. आपल्या स्टेशनचं नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, तिथल्या स्टेशनचं शिवाजी महाराज टर्मिनस, हे पोरांना सांगा. या जागेजवळून, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली गाडी सुटली. आजची इमारत नंतरची, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधत होते. फ्रेडरिक स्टीव्हन्स हा तिचा वास्तुविशारद. २००४ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण सालं नंतर सांगा, आधी रस्त्यापलीकडं उभं करून मान वर करायला लावा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, म्हणजे इंग्लंड आणि हिंदुस्थान. भिंतींवर दगडात मोर आणि माकडं. मी एकदा पाच पोरांना शोधायला लावलं तर पाऊण तास हलेनात. आपला न्यू पॅलेस त्याच काळातला, १८८४ चा. पोरांनी तो बघितलेला असतो, त्यामुळं त्यांना ही कमानींची, घड्याळाच्या मनोऱ्याची भाषा लगेच कळते.

तिथनं दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत हुतात्मा चौक. सकाळी सातला त्या रस्त्यावर ना फेरीवाले ना गर्दी. चौकात कारंजं आहे १८६४ चं, आणि शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक. इथं पाच मिनिटं पोरांना गप्प उभं करा आणि सांगा की मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून माणसांनी जीव दिला, म्हणून १ मे १९६० ला आपलं राज्य झालं. मग ओव्हल मैदान. मध्ये उभं राहिलं की एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, तो १८७८ साली पुरा झाला. दुसऱ्या बाजूला गोल गोल कोपऱ्यांच्या, पुढच्या शतकातल्या इमारती. हे दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा झालं. मैदानावर क्रिकेट चालू असतं. आमच्या पोरांना अर्धा तास खेळू द्या, काही बिघडत नाही.

मग जवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ते सव्वादहाला उघडतं. मला त्यात पोरांनी बघावं असं सगळ्यात जास्त वाटतं ते प्राण्या-पक्ष्यांचं दालन. पण सहलीच्या आधी एक काम कोल्हापुरातच करा. टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोरांना न्या. तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे, हा ग्रीकांचा समुद्राचा देव. पंचगंगेच्या काठावर समुद्राचा देव कसा आला? जहाजानं, व्यापारी मालाबरोबर, जुन्या बंदरांवरनं घाट चढून. तो प्रश्न डोक्यात घेऊन पोरगं गेट वेवर उभं राहिलं तर त्याला समुद्र वेगळा दिसेल.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर पोरांना कठड्यावर बसवा. निदान एक तास. गाडी मी चौपाटीजवळ घेऊन येतो.

पण त्याआधी गिरगावात खेतवाडीला पाच मिनिटं तरी जा. आपल्या शाहू महाराजांनी शेवटचा श्वास मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये घेतला, ६ मे १९२२ रोजी. मला हे पंचेचाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. २०२२ साली शताब्दीला सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागेवर थांबलं, तेव्हा मी कावळा नाक्यावर गाडी बंद करून खाली उतरून उभा होतो. त्याच आठवड्यात पेपरात पन्हाळा लॉजबद्दल वाचलं. पुढच्या मुंबईच्या भाडयाला खेतवाडी विचारत गेलो. नंबर घातलेल्या अरुंद गल्ल्या, वर वाळत घातलेली धुणी, खाली पोरांचा कल्ला. टोपी काढून थोडा वेळ उभा राहिलो. त्यानंतर मी किती तरी सरांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. नटांच्या बंगल्यासमोर बंद फाटक बघायला आम्ही दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवतो आणि राजर्षींच्या शेवटच्या जागेच्या जवळनं निघून जातो. हे मला फार लागतं.

रविवारी सकाळी घारापुरी, म्हणजे बेटावरची एलिफंटाची लेणी. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, पण रस्ते मोकळे असतात, मी पोरांना थेट गेट वेला सोडतो. गेट वे १९२४ साली पुरा झाला. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची इंग्रज पलटण याच कमानीतनं बाहेर पडली. लाँचला तासभर लागतो. रंकाळ्यातल्या होडीपलीकडं पोरांनी काही बघितलेलं नसतं, त्यामुळं लाँच हलली की आधी आरडाओरडा आणि मग एकदम शांतता. वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. आत तीन मुखांचा शिव, वीसेक फूट उंच. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या तोंडातनं शब्द फुटला नव्हता. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय एकही पोर लाँचमध्ये चढवू नका. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावरच्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली. जॅकेट कमी पडली तर पुढच्या लाँचची वाट बघा, सहल एक तास उशिरा झाली तरी चालेल.

वारांचं भान ठेवा. घारापुरी सोमवारी बंद असते. एका शाळेची नव्वद पोरं मी सोमवारी गेट वेवर उतरवली होती. मॅडमना माहीत नव्हतं, मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही तोंड उघडलं नाही. तेव्हापासून मी आपणहून सांगतो. राणीचा बाग आणि त्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच सुटत नाहीत.

दुपारी तीनला निघालो तर रात्री बाराच्या आत कोल्हापूर. खर्च वाढतो हे मला मान्य आहे. एकही मुक्काम नव्हता तिथं दोन मुक्काम, जेवण, लोकलची तिकिटं. पण चौदा ठिकाणांचा टोल, पार्किंग आणि डिझेल वाचतं. ज्या शाळांना तरीही परवडत नाही त्यांनी एसटीकडे जावं, तिथं शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत आहे. मी खासगी गाडीवर असूनही हे सांगतोय. आणि गाडी कुणाचीही असो, दोन ड्रायव्हर मागा. पालकांनी सहलीच्या सभेत एवढं एक विचारावं की रात्री गाडी कोण चालवणार आणि तो आदल्या रात्री झोपला होता का.

यंदाच्या त्या चौदा ठिकाणांच्या कागदाबद्दल मी शाळेच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, पालकांना यादी मोठी लागते. म्हणून पालकांसाठी हे पत्र आपल्या पेपरात यावं अशी विनंती. मालकाची गाडी चालवतो, म्हणून नाव छापू नये. ज्या कुणा सर-मॅडमना ही पायवाट हवी असेल त्यांच्या सहलीला माझी गाडी लागली तर शनिवारी पहाटे मी स्वतः पोरांबरोबर लोकलने येईन आणि खेतवाडीपर्यंत पुढं चालेन. गाडी तेवढा वेळ दुसरा ड्रायव्हर बघेल. त्याचे वेगळे पैसे मी घेत नाही.

आपला वाचक,
एक सहल बसचालक
कसबा बावडा, कोल्हापूर