विश्वासाची कबुली: सर्व सभासदांना सूचना

प्रिय बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त.

येत्या रविवारी उपासनेत आपले काही तरुण मंडळीसमोर विश्वासाची कबुली देतील आणि प्रथमच प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस, घेतील. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचे थोडक्यात निवेदन, त्यांनी पाठ केला आहे, याचा फार आनंद वाटतो. पालकांनो, नवे कपडे नि जेवणावळीच्या गडबडीतून वेळ काढून मुलांशी एकदा शांतपणे बोला. ‘येशू प्रभू आहे’ म्हणणाऱ्याने कुणाची मजुरी अडवून ठेवू नये, भावाशी अबोला धरून प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येऊ नये. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट कर, असे प्रभूनेच सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). हे आपल्या सगळ्यांनाच लागू आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आणून केडगावला आसरा दिला. कबुली कशी जगायची, ते मुलांना यातून सांगा.

ज्यांची नावे अजून आलेली नाहीत, त्यांनी शुक्रवारपर्यंत पाळकसाहेबांकडे द्यावीत. बाप्तिस्म्याचा दाखला सोबत आणावा. शनिवारी संध्याकाळी तयारीची प्रार्थना आहे, तिला पालकांनीही यावे.

— सचिव, मंडळी पंचकमिटी