क्लीन शीट कुणाची: गोलरक्षकाची की बचावफळीची?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की क्रीडापानावर काही वाक्ये हमखास येतात. ‘गोलरक्षकाची अभेद्य भिंत’, ‘सात अप्रतिम बचाव’, ‘सलग तिसरी क्लीन शीट’. बातमीदाराकडे वेळ थोडा आणि जागा त्याहून थोडी असते, हे मान्य. पण याच बातम्यांची कात्रणे पुढे संघनिवडीच्या टेबलावर येतात आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य त्यावर ठरते, म्हणून हा पत्रप्रपंच. बचावांचा आकडा आणि क्लीन शीट (एकही गोल न खाता संपवलेला सामना) हे गोलरक्षकाला जोखण्याचे सर्वांत कच्चे आकडे आहेत आणि नेमके तेच दोन आपण छापतो.

१० सप्टेंबर २०१९ चा दोह्यातला सामना घ्या. विश्वचषक पात्रता फेरीत भारताने आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच मैदानावर ०-० असे रोखले. कतारने पंचवीसहून अधिक फटके मारले आणि गोलजाळ्यात एकही गेला नाही. त्या रात्री कर्णधारपदही सांभाळणाऱ्या गुरप्रीतसिंग संधूचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण बचावांच्या आकड्यातून आधी काय कळते, तर कतारला इतके फटके मारायला मिळाले. त्यातले किती डीबाहेरून (गोलपुढच्या पेनल्टी क्षेत्राबाहेरून) आले, किती थेट अंगावर आले आणि किती कोपऱ्यात जाणारे होते, यातले काहीच त्या आकड्यात नाही. गुरप्रीतचा खेळ थोर होता हे सामना पाहून कळते, बचाव मोजून नव्हे.

आता उलटे उदाहरण. २२ नोव्हेंबर २०२२, कतारमधल्या विश्वचषकातला लुसेलचा सामना. सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध दोनच फटके ऑन टार्गेट, म्हणजे अडवले नसते तर गोलमध्ये जाणारे, मारले आणि दोन्ही गोल झाले. एमिलियानो मार्टिनेझचा बचावाचा टक्का शून्य! त्याच मार्टिनेझला महिनाभरात स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार मिळाला. अंतिम सामन्यात ३-३ अशी बरोबरी असताना जादा वेळेच्याही शेवटच्या क्षणी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला आणि मार्टिनेझने डावा पाय ताणून तो फटका अडवला. तक्त्यात त्याची नोंद ‘बचाव: १’. तीस मीटरवरून घरंगळत आलेला चेंडू उचलला तरी नोंद तीच.

क्लीन शीटचे तर विचारूच नका. मुंबई सिटीच्या अमरिंदर सिंगला २०१६ मध्ये आणि फुर्बा लाचेन्पाला २०२३-२४ मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार, मिळाला. दोन्ही हंगामांत मुंबईचा संघ साखळीच्या गुणतालिकेत पहिल्या दोघांत होता. गोलरक्षक चांगले होतेच, पण त्यांच्यापुढची फळीही चांगली होती. कुणाचा वाटा किती, हे क्लीन शीटवरून वेगळे काढता येत नाही.

बचावाची टक्केवारी ही त्यापुढची पायरी. ऑन टार्गेट फटक्यांतून गोल वजा करायचे आणि उरलेल्याला ऑन टार्गेट फटक्यांनी भागायचे. सोपे दिसते, पण इथे तीन ठिकाणी हमखास चूक होते. खांबाला किंवा आडव्या दांड्याला लागून परतलेला चेंडू ऑन टार्गेट धरत नाहीत; आपल्याकडे तो सर्रास धरला जातो. गोलरेषेवर शेवटच्या बचावपटूने अडवलेला फटका मात्र ऑन टार्गेट असतो, त्यामुळे नुसती वजाबाकी केली तर बचावपटूचे श्रेय गोलरक्षकाच्या खात्यात जमा होते. आणि स्वयंगोल हा प्रतिस्पर्ध्याचा फटकाच नव्हे, तो हिशेबातून आधी काढायचा. पेनल्टीचा हिशेबही वेगळा ठेवावा, नाहीतर ज्याच्या संघाने हंगामात पाच पेनल्टी दिल्या त्याची टक्केवारी फुकटची घसरते.

व्यावसायिक क्लब आता ‘पोस्ट-शॉट एक्सजी’ पाहतात. एक्सजी (एक्सपेक्टेड गोल्स) म्हणजे फटक्याचा गोल होण्याची शक्यता. साध्या एक्सजीत फटका मारण्याच्या क्षणापर्यंतची परिस्थिती असते: अंतर, कोन, पाय की डोके, मधे कोण उभे आहे. त्या हिशेबाने पेनल्टीची किंमत साधारण ०.७६ ते ०.७९, म्हणजे शंभरात पाऊणशेच्या थोडे वर गोल. पोस्ट-शॉटमध्ये चेंडू सुटल्यानंतर गोलच्या कोणत्या भागाकडे निघाला, हेही जमेस धरतात. मग तीच पेनल्टी मधोमध आली तर किंमत उतरते, वरच्या कोपऱ्यात गेली तर जवळजवळ १ होते. समजा, एखाद्याने अंगावर घेतलेल्या सगळ्या फटक्यांच्या किमतींची बेरीज १२.४ आली आणि त्याला प्रत्यक्षात १० गोल झाले, तर त्याने सुमारे अडीच गोल वाचवले. १४ झाले, तर दीडेक गोल जास्तीचे दिले. फटक्याची अवघडता हिशेबात आल्यामुळे कमकुवत संघाच्या गोलरक्षकाला पहिल्यांदाच न्याय मिळतो.

पण या आकड्यालाही डोळे झाकून मान डोलावू नये. त्यातला एक दोष मैदानावर दर आठवड्याला दिसतो. वीस मीटरवरून सरळ फटका येतो, गोलरक्षक तो पकडण्याऐवजी छातीने समोरच ढकलतो, सहा मीटरवर उभ्या आक्रमकाला आयता चेंडू मिळतो, आणि दुसरा फटका गोलरक्षक अंग झोकून अडवतो. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवतात. मॉडेलही त्याला दोन बचाव देते, आणि दुसरा तर मोठ्या किमतीचा. प्रत्यक्षात पहिला चेंडू पोटाशी घेतला असता, तर दुसरा फटका जन्मालाच आला नसता. यावर उपाय म्हणजे एका चढाईतले सगळे फटके एकत्र धरायचे आणि पहिल्या चेंडूचे गोलरक्षकाने काय केले, ते वेगळ्या रकान्यात लिहायचे: पकडला, बाजूला काढला की समोर सोडला.

दुसरा दोष याच्या उलट बाजूचा. योग्य वेळी पुढे येऊन कोन बंद केला की आक्रमक घाईत चेंडू बाहेर मारतो. बाहेर गेलेल्या फटक्याची पोस्ट-शॉट किंमत शून्य, म्हणून गोलरक्षकाचे श्रेयही शून्य. रेषेवर खिळून राहणारा मात्र झेपा घेऊन आकडे कमावतो. एकास-एक प्रसंगात बाहेर गेलेले फटकेसुद्धा लिहून ठेवायचे ते यासाठी.

नशिबाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. शंभरात सत्तर फटके अडवण्याची ज्याची खरी कुवत आहे, त्याने स्थानिक हंगामात तीस फटके झेलले तर त्याची टक्केवारी नुसत्या योगायोगाने ६२ ते ७८ च्या दरम्यान कुठेही येऊ शकते, आणि साधारण तीन हंगामांतून एकदा त्याच्याही बाहेर जाईल. म्हणजे ६५ टक्केवाला आणि ७४ टक्केवाला यांच्यात एका हंगामावरून निवड करणे नाणेफेकीहून फार वेगळे नाही. आकडे दोन-तीन हंगाम साठवायचे, आणि तोवर आकड्यापेक्षा चित्रीकरण जास्त पाहायचे.

क्रॉसच्या बाबतीत ‘किती झेलले’ यापेक्षा ‘किती झेलता आले असते’ हा छेद महत्त्वाचा. जो रेषा सोडतच नाही, त्याचा एकही झेल सुटत नाही आणि कागदावर तो निर्दोष ठरतो. विकेटकीपरने किती झेल सोडले हे मोजताना ज्यांना त्याने हातच लावला नाही ते विसरावेत, तसे हे. ५.५ मीटरच्या चौकटीत उंचावरून आलेला प्रत्येक क्रॉस आणि कॉर्नर लिहायचा आणि पुढे चारांपैकी एक खूण करायची: झेलला, मुठीने काढला, बाहेर आला पण चुकला, आलाच नाही. चौथ्या खुणेची संख्या पाहिली की बरेच ‘सुरक्षित’ गोलरक्षक उघडे पडतात.

पायाने खेळण्याचे महत्त्व १९९२ च्या बॅकपास नियमापासून (सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळायचा नाही) वाढले, आणि २०१९ पासून गोलकिकचा चेंडू सहकाऱ्याला डीमध्येच घेता येऊ लागल्यावर आणखी वाढले. तरी पासची टक्केवारी एकटी निरुपयोगी आहे. शेजारच्या स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) दहा मीटरचे पास देत राहिले की ९५ टक्के होतात. प्रतिस्पर्धी अंगावर आलेला असतानाचे पास वेगळे मोजावेत, आणि लांब किकनंतर पहिला चेंडू व सुटलेला दुसरा चेंडू कुणाकडे गेला एवढे लिहावे.

हे सगळे युरोपातल्या महागड्या प्रणालींचे काम, आपल्याला कुठले जमणार, असे कुणी म्हणेल. कोल्हापुरात केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या) लीगला शाहू स्टेडियमवर येणारे प्रेक्षक आणि संघ उतरवणाऱ्या तालमींचे कार्यकर्ते पाहता ही अडचण पटत नाही. दोन मोबाइल, एक छापील तक्ता आणि दोन माणसे पुरतात.

एक मोबाइल मध्यरेषेजवळ गॅलरीत उंचावर ठेवावा, दुसरा गोलच्या मागे स्टँडवर. नुसता चेंडूचा पाठलाग करणारा कॅमेरा चालत नाही. फटका सुटला तेव्हा गोलरक्षक कुठे उभा होता, हेच त्यात नसते. गोलमागच्या मोबाइलचा फोकस जाळीवर जातो आणि मागचे सगळे धूसर येते, म्हणून फोकस पेनल्टी स्पॉटवर धरून लॉक करावा. चित्रीकरण सेकंदाला ६० फ्रेमचे ठेवावे. ताशी ९० किलोमीटरने आलेला चेंडू ३० फ्रेमच्या चित्रीकरणात दोन फ्रेमच्या मधे ८० सेंटिमीटरहून जास्त पुढे जातो, आणि हात लागला की नाही, यावर नंतर नुसती हमरीतुमरी होते.

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. रुंदीचे सहा आणि उंचीचे दोन भाग केले की १.२२ मीटरचे बरोबर बारा चौकोन पडतात. तक्त्यावर ते छापून घ्यावेत. प्रत्येक फटक्याला एक ओळ: मिनिट, कुठून मारला (५.५ मीटरच्या आत, डीत, डीबाहेर), पाय की डोके, मधे खेळाडूंची गर्दी होती का, कुणाला लागून वळला का, कोणता चौकोन, निकाल. आणि एक रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो तो: फटका सुटला त्या क्षणी गोलरक्षकाचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर होते की तो अजून सरकत होता. जवळच्या खांबालगत खाल्लेल्या गोलांपैकी बऱ्याच गोलांचे मूळ या रकान्यात सापडते. हात पोचत नाही, कारण शरीराचा भार चुकीच्या पायावर असतो.

अवघडता ठरवताना चित्रीकरण पाय चेंडूला लागल्यावर दोन-तीन फ्रेमनंतर थांबवावे. दोघांनी एकमेकांशी न बोलता सोपा, मध्यम किंवा अवघड असे लिहावे आणि मगच पुढचे पाहावे. गोल झालेला पाहिला की प्रत्येक फटका अवघड वाटू लागतो, अडवलेला पाहिला की सोपा. दोघांचे मत जुळले नाही तर तिसऱ्याला विचारावे. हंगामाच्या शेवटी सोप्यांपैकी किती सुटले आणि अवघड किती अडवले, हे दोन आकडे वेगवेगळे मांडावेत; त्यांची बेरीज करू नये.

टायब्रेकरबद्दलही (पेनल्टी शूटआउटबद्दलही) लिहायला हवे, कारण आपल्याकडे नायक तिथेच घडतात. ११ मीटरवरून ताशी १०० किलोमीटरने सुटलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोचतो आणि किक मारली जाते त्या क्षणी गोलरक्षकाच्या किमान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या वर किंवा रेषेमागे असावा लागतो. पाचातली एक पेनल्टी अडवणारा गोलरक्षक पाचही किक घेतल्या गेल्यास तीनांतल्या एका टायब्रेकरमध्ये एकही अडवणार नाही, आणि साधारण चारांतल्या एकात दोन किंवा अधिक अडवून खांद्यावर बसेल. दोन्ही दिवशी माणूस तोच आणि कुवतही तीच. २०२३ च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत गुरप्रीतने उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत शूटआउटमध्ये कामगिरी बजावली, त्याचा आनंद आहेच. पण निवड समितीने तेवढ्यावर कुणाला घेऊ किंवा वगळू नये.

आपल्या क्रीडापानाकडे मागणे मोठे नाही. सामन्याच्या बातमीखाली दोन्ही गोलरक्षकांसाठी एकेक ओळ द्यावी: ऑन टार्गेट फटके किती, त्यातले डीमधून किती, गोल किती, पेनल्टी वेगळ्या, स्वयंगोल वेगळे. प्रत्येक गोलच्या वर्णनात फटका किती अंतरावरून आला आणि कुणाला लागून वळला का, एवढे चार शब्द यावेत. टायब्रेकरमधले बचाव सामन्याच्या बचावांत मिळवू नयेत. क्लबांनी तक्ते भरून दिले तर ते सामना संपल्यावर अर्ध्या तासात बातमीदाराच्या हाती पडू शकतात. त्यासाठी तक्त्याचा नमुना सर्व संघांसाठी एकच असावा आणि तो हंगामाआधीच ठरावा.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर