सूत्रासोबत आकृतीही छापा

महोदय,

बारावी, सीईटी आणि जेईईचे दिवस आले की शिक्षणाच्या पानावर स्थिरविद्युतची सूत्रे चौकटीत छापून येतात. अर्धवर्तुळाकार तारेचे सूत्र त्यांत हमखास असते, आकृती मात्र नसते. या गणिताची सगळी मेख आकृतीत आहे.

समजा, १० सेंटिमीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार तारेवर २ नॅनोकूलॉम (कूलॉमचे दोन अब्जांश) धन प्रभार (चार्ज) सारखा पसरला आहे. केंद्रबिंदूपाशी विभव (पोटेन्शियल) काढायला संकलन (इंटिग्रेशन) लागतच नाही. विभव अदिश आहे, म्हणजे त्याला दिशा नसते, आणि तारेचा प्रत्येक तुकडा केंद्रापासून ०.१ मीटरवरच आहे. कूलॉमचा स्थिरांक (सुमारे ९ अब्ज) गुणिले प्रभार १८ येतो, त्याला ०.१ ने भागले की १८० व्होल्ट. त्याच झपाट्यात विद्यार्थी १८ ला ०.०१ ने भागतात आणि विद्युत क्षेत्र १८०० न्यूटन प्रति कूलॉम लिहून मोकळे होतात. हे उत्तर चूक आहे, कारण क्षेत्राला दिशा असते. डाव्या तुकड्याचे क्षेत्र उजवीकडे झुकते, उजव्याचे डावीकडे. आडवे, म्हणजे व्यासाला समांतर, घटक एकमेकांना रद्द करतात आणि व्यासाला लंब असलेलेच घटक उरतात.

तेवढेच मोजायचे. तुकड्याची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले इवलासा कोन. त्रिज्या विसरली की एकके जुळत नाहीत. तारेची लांबी ०.३१४ मीटर, म्हणून रेषीय घनता, म्हणजे दर मीटरमागचा प्रभार, ६.३७ नॅनोकूलॉम प्रति मीटर. कोन व्यासापासून मोजला असेल तर साइनचे शून्य ते पाय (π, म्हणजे १८० अंश) संकलन करायचे, ते २ येते. इथे कोसाइन घेतला की उत्तर शून्य येते, आणि ही चूक फार होते. कोन सममितीच्या अक्षापासून मोजला, तरच कोसाइन, आणि मग मर्यादाही उणे पाय भागिले २ ते अधिक पाय भागिले २ अशा बदलतात. कूलॉमचा स्थिरांक गुणिले घनता भागिले त्रिज्या, याला संकलनातल्या २ ने गुणले की क्षेत्र भरते सुमारे ११४६ न्यूटन प्रति कूलॉम, म्हणजे १८०० च्या २ भागिले पाय पट.

आणखी एक फसवी वाट आहे. केंद्रावरच्या विभवाच्या सूत्राचे त्रिज्येनुसार विकलन (डिफरन्शिएशन) केले की पुन्हा १८०० च मिळतात. पण ती त्रिज्या तारेची आहे, निरीक्षणबिंदूचे स्थान नव्हे. एकाच बिंदूवरच्या विभवावरून क्षेत्र निघत नाही. विभव आजूबाजूला कसा बदलतो हे माहीत असावे लागते.

याचा पडताळा घ्यायचा तर त्याच तारेच्या उजव्या अर्ध्यावर अधिक १ आणि डाव्या अर्ध्यावर उणे १ नॅनोकूलॉम ठेवावा. केंद्रावरचा विभव शून्य होतो. क्षेत्र मात्र तेच, ११४६, फक्त आता व्यासाला समांतर, उणे बाजूकडे. आकृतीत चार बाण काढले की हे लगेच दिसते. आपल्या पानावर सूत्राशेजारी तेवढ्या आकृतीला जागा द्यावी, ही विनंती.

– एक भौतिकशास्त्र शिक्षक