लायकाने कमी किमतीच्या लेन्स पुन्हा आणाव्यात

महोदय,

वेट्झलरची 'लायका' ही जर्मन कंपनी आपल्या एम मालिकेतील कॅमेऱ्यांसाठी ज्या लेन्स बनवते, त्यांच्या किमती हौशी छायाचित्रकारांच्याच नव्हे, तर अनेक व्यावसायिकांच्याही आवाक्याबाहेर आहेत. कंपनीने स्वस्त लेन्स काढल्यास तिच्या नावाला कमीपणा येईल, असे तिचे चाहतेच हिरिरीने सांगतात. मला ते मुळीच पटत नाही.

लेन्सची किंमत वाढते ती बऱ्याच अंशी तिच्या मोठ्या अॅपर्चरमुळे, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्रामुळे; 'एफ'चा आकडा जितका लहान, तितके हे छिद्र मोठे. एफ १.४ किंवा ०.९५ इतके अॅपर्चर ठेवायचे, तर मोठी आणि खास प्रकारची काच लागते, प्रतिमेतील दोष काढण्यासाठी घडणीत अधिक खटाटोप करावा लागतो, आणि फोकसमध्ये राहणारा पट्टा इतका अरुंद होतो की रेंजफाइंडरशी, म्हणजे अंतर मोजून फोकस साधणाऱ्या कॅमेऱ्यातील यंत्रणेशी, लेन्स जुळवताना राहिलेली सूक्ष्म चूकही छायाचित्रात उमटते. एफ २.५ वर आले की हा सगळा भार हलका होतो आणि दर्जाला धक्का न लावता खर्च उतरतो. लायकाच्याच एफ २ च्या सुमिक्रॉन लेन्सच्या तुलनेत अशा लेन्समधून सुमारे दोन-तृतीयांश प्रकाश येतो. आजचे डिजिटल सेन्सर ही तूट सहज भरून काढतात. शिवाय १९२० च्या दशकात ज्या एल्मार लेन्सने या कंपनीची कीर्ती झाली, तिचे अॅपर्चर एफ ३.५ होते आणि तिच्यात चारच भिंगे होती!

लायकाने हा मार्ग स्वतःच चोखाळला होता. २००७ मध्ये तिने ३५, ५०, ७५ आणि ९० मिलिमीटरच्या सुमारिट लेन्स एफ २.५ मध्ये आणल्या आणि २०१४ मध्ये त्या एफ २.४ करून सुधारल्या. लहान, हलक्या आणि रेखीव चित्र देणाऱ्या या लेन्स पुढे बंद झाल्या, याची मला मनापासून खंत वाटते.

विरोधकांचा एक दाखला मात्र वजनदार आहे. १९७३ मध्ये मिनोल्टाच्या साहाय्याने आणलेल्या स्वस्त सीएल कॅमेऱ्याने लायकाच्याच एम ५ चे ग्राहक ओढले, असे मानले जाते. पण तो कॅमेरा होता. लेन्सचे तसे नाही, कारण १९५४ पासून एम माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची खाच, तोच आहे आणि परवडणारी लेन्स घेणारा ग्राहक त्याच कंपनीच्या कॅमेऱ्याशी बांधला जातो. आज हा ग्राहक जपानच्या कोसिनाने बनवलेल्या फोग्टलेंडर लेन्सकडे किंवा त्याहून स्वस्त चिनी लेन्सकडे वळतो, म्हणजे लायकाने दूर ठेवलेली विक्री दुसऱ्यांच्या पदरात पडते.

'जुनी लायका लेन्स घ्या' हा सल्लाही आपल्याकडे सरसकट लागू पडत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत नीट न जपलेल्या जुन्या लेन्सच्या आत बुरशी धरते, काचेवरचा लेप खराब होतो, आणि ती उघडून साफ करणारे जाणकार कारागीर सहज सापडत नाहीत. नवी, हमी असलेली लेन्स हवी, ही म्हणूनच चैन नव्हे.

कंपनीने निदान ३५ आणि ५० मिलिमीटरच्या दोन सुमारिट लेन्स पुन्हा बाजारात आणाव्यात, आणि त्यांची किंमत सुमिक्रॉनच्या जवळपास न ठेवता फोग्टलेंडरशी स्पर्धा करता येईल इतकी खाली ठेवावी.

आपला,
एक छायाचित्रणप्रेमी वाचक, पुणे