दम्याचं निदान मोजून व्हावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की दवाखान्यांत खोकल्याची रांग लागते. छातीत घरघर, पहाटे धाप, जिना चढताना दम लागणं, असं सांगितलं की छाती तपासली जाते, एक्स-रे काढला जातो आणि ‘अ‍ॅलर्जीचा खोकला’ म्हणून औषधं लिहून मिळतात. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. रक्तदाब न मोजता बीपीची गोळी कोणी सुरू करत नाही. दम्याचं औषध मात्र नुसत्या घरघरीवर वर्षानुवर्षं चालू राहतं, नाहीतर खरा दमा असूनही अँटिबायोटिकवर दिवस काढले जातात. फुप्फुसं किती नीट काम करतात हे मोजणाऱ्या तपासणीला पीएफटी म्हणतात. मी ती करणारी तंत्रज्ञ आहे. रोज हे पाहते, म्हणून लिहिते आहे.

दम्यात श्वासनळ्या आकसतात, पण हे आकसणं येतं-जातं. एक्स-रेत ते दिसत नाही, तो बहुतेक वेळा स्वच्छच येतो. म्हणून श्वास मोजावा लागतो. स्पायरोमीटर या श्वास मोजणाऱ्या यंत्रावर नाकाला चिमटा लावून, ओठ नळीभोवती घट्ट मिटून, छातीभर घेतलेला श्वास पूर्ण जोरानं फुंकायचा असतो. तोही हवा संपेपर्यंत, मोठ्या माणसांत साधारण सहा सेकंद. एकूण किती हवा बाहेर पडली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र मोजतं. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप देऊन पंधराएक मिनिटांनी तीच तपासणी पुन्हा करायची. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलीलिटरनं वाढली, तर दम्याच्या बाजूनं भक्कम पुरावा मिळतो.

सगळं अवलंबून असतं फुंकण्यावर. मी अक्षरशः ओरडते, ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!’ सासरची माणसं समोर असली की अनेक बायका तोंडावर पदर धरून अर्धवट फुंकतात. तो आलेख खरा मानला तर निदान चुकणारच. म्हणून मी नातेवाइकांना बाहेर बसवते आणि एकमेकांशी जुळणारे तीन चांगले प्रयत्न होईपर्यंत थांबते. घाईत काढलेल्या रिपोर्टपेक्षा रिपोर्ट नसलेला बरा.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दमा नाही, असंही नव्हे. बेकरीत काम करणारे एक गृहस्थ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तपासायला आले होते. आलेख अगदी सुरेख निघाला. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारं साधन, दिलं. हातात मावणारी प्लास्टिकची नळी, वर काटा सरकतो, किंमत काही शे रुपये. दिवसातून चार वेळा फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. काही आठवड्यांनी ते वही घेऊन आले. कामाच्या दिवशी संध्याकाळी आकडा तीनशेच्या आसपास, सुट्टीच्या दिवशी चारशेच्या वर, आणि कामावर गेले की पुन्हा खाली. पिठाच्या धुळीनं होणारा दमा त्या वहीत स्वच्छ दिसत होता. एका दिवसाच्या तपासणीत तो सापडला नसता.

उलटी चूकही होते. कॅनडात दम्याचं निदान झालेल्या प्रौढांची नीट मोजमाप करून फेरतपासणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळजवळ एक तृतीयांश लोकांना त्या वेळी दमा नसल्याचं आढळलं. काहींना तर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा वेगळाच गंभीर आजार होता. आपल्याकडे मुलीच्या कागदावर ‘दमा’ लिहू नका म्हणून आईवडील हात जोडतात. अशा ठिकाणी तो शब्द लिहायचा तर हाताशी आकडा हवा, आणि लिहायचा नसेल तरीही हवा.

धाप लागलेल्या माणसाला आधी उपचारच द्यायचे, तपासणी नंतर. चालू असलेला पंपही कोणी स्वतःच्या मनानं बंद करू नये. पण रुग्ण स्थिर असेल तर नियमित इनहेलर सुरू करण्याआधी मोजणं फार मोलाचं, कारण औषध लागू पडल्यावर श्वासनळ्या सुधारतात आणि पुरावा पुसट होतो. पाच-सहा वर्षांच्या पुढची बरीच मुलं नीट फुंकू शकतात. त्याहून लहान मुलांचं निदान लक्षणांवरच करावं लागतं.

माझी मागणी साधी आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दमाही येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठीच्या आवश्यक साधनांत जागतिक आरोग्य संघटना पीक फ्लो मीटर धरते. मग राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या यंत्राशेजारी ते का नसावं? ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत स्पायरोमीटर द्यावं. त्यासोबत प्रशिक्षित माणूसही द्यावा, नाहीतर यंत्र कपाटातच राहील. किमान जिथे श्वासातून औषधाचा फवारा देणारा नेब्युलायझर रोज चालतो, त्या केंद्रांवर तरी पीक फ्लो मीटर आणि नोंदीच्या वह्या पुढच्या थंडीआधी पोचाव्यात.

आपली,
एक पीएफटी तंत्रज्ञ, नाशिक